बांधावरचे वाकडे लाकूड आणि संगणकाची करवत

(वनशेतीविषयक शेतकरी प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना प्रश्न पडला असेल की, कृषिविद्या शिकविणाऱ्या माणसाने सुतारकाम आणि संगणक यांवर काय बोलावे? त्याचे उत्तर सोपे आहे. बांधावरची बाभूळ, निंब, सुबाभूळ, निलगिरी आणि साग हेसुद्धा आपले पीकच आहे. ज्वारीचा दाणा घरात येईपर्यंत आपण त्याचा हिशेब ठेवतो. झाडाचा हिशेब मात्र कुऱ्हाड पडेपर्यंत कोणी ठेवत नाही. व्यापारी येतो, बांधावर फिरतो, सरळ बुंधे घनफुटाने मागतो आणि राहिलेला सगळा माल जळण म्हणून वजनावर घेऊन जातो. पंधरा-वीस वर्षे वाढलेल्या झाडाचा मोठा भाग अशा रीतीने चुलीत किंवा भट्टीत जातो.

जळणात जाणाऱ्या या मालाकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी आता लाकूडकामाच्या कार्यशाळांतून शिकविली जाते. तेथे संगणकावर आराखडा करतात, संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर लाकूड कापतात आणि शिकणारा स्वतःच्या हाताने त्याची जोडणी करतो. या कामाची माहिती आज घेऊ. त्यातील आपल्या उपयोगाचे काय आणि सध्या बाजूला ठेवावे असे काय, हेही पाहू.

आपल्याकडची जुनी रीत

वाकड्या लाकडाचा उपयोग आपल्याला नवीन नाही. लाकडी नांगर करणारा सुतार खोडासाठी नैसर्गिक बाक असलेली बाभूळ शोधत असे. सरळ लाकूड कापून बाक काढला तर धागे तुटतात आणि जोर आला की लाकूड तेथेच फाटते. झाडाने स्वतः घेतलेल्या बाकात धागे अखंड असतात. गोठ्याचे आढे ज्या मेढीवर ठेवतात ती मेढ बेचक्याची असते. बेचक्यात दोन फांद्यांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे तो सांधा खिळ्यांनी जोडलेल्या सांध्यापेक्षा भक्कम राहतो. कोकणात होडी बांधणारे कारागीरही होडीच्या आतील वाकड्या आधारांसाठी तशाच बाकाचे लाकूड निवडतात.

ही निवड सुताराच्या नजरेवर अवलंबून होती. लोखंडी नांगर आले, ट्रॅक्टर आले, गोठ्यांना लोखंडी अँगल आणि पत्रे आले. सुताराच्या मुलाने दुसरा धंदा धरला. नजर गेली आणि तिच्याबरोबर वाकड्या लाकडाची किंमतही गेली. नव्या कार्यशाळांत हेच नजरेचे काम मोजपट्टी, छायाचित्र आणि संगणक यांच्या साहाय्याने करतात.

हूक पार्कचे उदाहरण

इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डॉर्सेट परगण्यात हूक पार्क नावाचे सुमारे १५० हेक्टरचे जंगल आहे. जॉन मेकपीस या प्रसिद्ध फर्निचर कारागिराने स्थापन केलेल्या पार्नहॅम ट्रस्टने ते १९८३ मध्ये घेतले. त्यांच्यापुढचा प्रश्न आपल्यासारखाच होता. जंगलाची वाढ चांगली व्हावी म्हणून मधली झाडे काढून विरळणी करावी लागते. विरळणीतून निघणारे बारीक, गोल वासे हलक्या भावात जात. त्यांतून टिकाऊ इमारत उभी करता येईल का, हे पाहण्यासाठी १९८० च्या दशकात तेथे स्प्रूस जातीच्या बारीक वाशांची एक प्रायोगिक इमारत बांधली. जर्मन वास्तुविशारद फ्राय ओटो यांचा तिच्या रचनेत सहभाग होता. वासे चिरले नाहीत, गोलच वापरले. चिरताना धागे कापले जातात, म्हणून तेवढ्याच जाडीच्या चिरलेल्या लाकडापेक्षा गोल वासा जास्त ताकदीचा असतो.

पुढे २००२ मध्ये हे जंगल लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन या वास्तुकला विद्यालयाकडे आले. २०१० पासून तेथे आराखडा आणि प्रत्यक्ष बांधणी यांचा एकत्र अभ्यासक्रम चालतो. विद्यार्थी जंगलातच राहतात, झाड निवडतात, आराखडा करतात आणि इमारत स्वतः उभी करतात.

त्यांचे २०१६ सालचे काम आपण नीट समजून घेण्यासारखे आहे. जंगलातील बॉयलरसाठी लागणाऱ्या लाकडाच्या चिपा साठविण्याकरिता त्यांना एक कोठार हवे होते. त्यासाठी त्यांनी बीच जातीच्या झाडांची बेचकी वापरायचे ठरविले. बाजारात अशा बेचक्यांना जळणाचीच किंमत येते.

प्रथम उभ्या झाडांवरील २०४ बेचक्यांची छायाचित्रे घेतली. त्यांतून निवड करून २५ बेचकी तोडली आणि प्रत्येकाचे सर्व बाजूंनी यांत्रिक मोजमाप करून त्याचा आकार संगणकात घेतला. कोणते बेचके कमानीत कोठे बसवावे, यासाठी संगणकाने अनेक क्रम तपासले आणि त्यांतला चांगला क्रम निवडला. प्रत्यक्षात २० बेचकी वापरली. त्यांची टोके यंत्रमानवी हाताने अचूक कापून सांधे तयार केले आणि त्यांतून २५ मीटर लांबीची कमान उभी राहिली.

या कामाचा क्रम लक्षात घ्या. आधी झाड पाहिले, मग मोजले, मग आराखडा केला आणि त्यानंतर लाकूड कापले. आपण नेमके उलटे करतो. आधी तोडतो आणि मग या लाकडाचे काय करायचे म्हणून विचारतो.

घटकावर चालणारा आराखडा म्हणजे काय?

या पद्धतीला पॅरामेट्रिक आराखडा म्हणतात. नाव अवघड आहे, पण कल्पना आपल्या रोजच्या व्यवहारातली आहे. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. २ × २ मीटर अंतरावर लागवड केली तर २,५०० रोपे लागतात. अंतर ३ × २ मीटर केले की १,६६६ रोपे लागतात. अंतर हा घटक आपण बदलला, नियम तोच राहिला आणि उत्तर आपोआप बदलले. बदलता येणाऱ्या अशा घटकालाच पॅरामीटर म्हणतात.

आता गोठ्याचे छप्पर घ्या. गोठा ६ मीटर रुंद आहे, आढे मध्यभागी आहे आणि छपराला दर २ मीटरला १ मीटर चढ द्यायचा आहे. आढ्यापर्यंत आडवे अंतर ३ मीटर आणि उंची १.५ मीटर येते. काटकोन त्रिकोणाच्या नियमाने वाशाची लांबी सुमारे ३.३५ मीटर भरते. बाहेर निघणारी वळचण यात धरलेली नाही. रुंदी ७ मीटर केली तर तोच वासा ३.९१ मीटर लागतो. कागदावरच्या नकाशात हा बदल करायचा तर सगळे पुन्हा आखावे लागते. घटकावर चालणाऱ्या आराखड्यात रुंदीचा एक आकडा बदलला की प्रत्येक वाशाची लांबी, टोकाच्या कापाचा कोन आणि लागणारे एकूण लाकूड नव्याने मिळते.

याचा खरा फायदा वाकड्या मालात दिसतो. तुमच्याकडे ३.१ मीटर, ३.४ मीटर आणि ३.८ मीटर असे वेगवेगळे वासे असतील तर त्याच मापात बसणारे छप्पर शोधता येते. दुकानातून एकाच मापाचे लाकूड विकत आणावे लागत नाही. यंत्राला शंभर सारखे तुकडे कापणे आणि शंभर वेगवेगळे तुकडे कापणे यांत फारसा फरक पडत नाही. जर्मनीतील श्वेबिश ग्म्युंड येथे २०१४ मध्ये उभारलेल्या प्रदर्शन दालनाच्या कवचात बीच प्लायवूडचे २४३ तुकडे आहेत. त्यांतील प्रत्येकाचा आकार वेगळा असूनही ते एकमेकांत नेमके बसले आहेत.

कार्यशाळेत हाताने काय शिकतात?

अशा कार्यशाळा काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत चालतात. त्यांत सर्वात जास्त वापरले जाणारे यंत्र म्हणजे सी.एन.सी. राउटर. एका मोठ्या टेबलावर प्लायवूड किंवा फळी घट्ट बसवतात. वेगाने फिरणारे पाते संगणकाने दिलेल्या रेषेवरून सरकते आणि खाच, भोक किंवा आकार कापते. सांधे नेमके बसत असल्यामुळे बरेचसे काम खिळ्यांशिवाय जुळविता येते.

शिकणाऱ्याला पहिला धडा मात्र यंत्राचा नसतो, मापाचा असतो. १८ मिलिमीटर म्हणून आणलेले प्लायवूड कॅलिपरने मोजले तर ते १७.४ मिलिमीटरही भरते. खाच १८ मिलिमीटरची कापली तर प्रत्येक सांध्यात ०.६ मिलिमीटर ढिलाई राहते. वीस सांध्यांत मिळून ती १२ मिलिमीटरपर्यंत जाते आणि कपाट डुगडुगते. म्हणून प्लायवूडची प्रत्यक्ष जाडी हाच एक घटक ठेवतात. जाडी १७.४ आणि बसण्यापुरती सूट ०.२, म्हणून खाच १७.६ मिलिमीटर. आधी टाकाऊ तुकड्यावर वेगवेगळ्या रुंदीच्या पाच-सहा खाचा कापून पाहतात. हाताने दाबल्यावर जी खाच घट्ट बसते ती मुख्य कामाला घेतात.

दुसरा धडा पात्याचा. पाते गोल असते. ६ मिलिमीटर जाडीच्या पात्याने कापलेल्या खाचेचा आतला कोपरा ३ मिलिमीटर त्रिज्येचा गोल राहतो आणि चौकोनी टोक त्यात बसत नाही. त्यासाठी कोपऱ्यात जरा आत जाणारे गोल भोक आराखड्यातच द्यावे लागते, नाहीतर शेवटी पटाशी घेऊन प्रत्येक कोपरा साफ करावा लागतो.

तिसरा धडा ओलाव्याचा आहे आणि तो आपल्याला चटकन समजेल. मातीचा नमुना भट्टीत वाळवून आपण जसा ओलावा काढतो, तसाच लाकडाचाही काढतात. ओला तुकडा १३० ग्रॅम आणि पूर्ण वाळल्यावर १०० ग्रॅम भरला तर ओलावा ३० टक्के. साधारणपणे या ३० टक्क्यांच्या खाली आले की लाकूड आकसू लागते. लांबीत ते जवळजवळ आकसत नाही. रुंदीत आकसते आणि वर्षवलयांच्या दिशेने तर गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळजवळ दुप्पट आकसते. ओल्या लाकडात यंत्राने कितीही नेमकी खाच कापली तरी वाळल्यावर ती बिघडते. पावसाळ्यात रत्नागिरीला बसविलेला सांधा आणि मे महिन्यात जालन्याला बसविलेला सांधा सारखा वागत नाही.

यंत्राला लाकडाचे धागे दिसत नाहीत, गाठ दिसत नाही आणि कोणत्या बाजूने फाटेल हे कळत नाही. फळी कोणत्या दिशेने लावायची हे माणसालाच ठरवावे लागते. म्हणून चांगल्या कार्यशाळेत अनुभवी सुतार आवश्यक असतो. आराखडा करणाऱ्या मुलाला जे शिकायला महिने लागतात, ते सुतार फळीवर हात फिरवून सांगतो.

महाराष्ट्रातील पाबळ

हे सर्व परदेशातच आहे असे समजू नका. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकणे हा त्याचा पाया. शेती, लोखंडकाम, बांधकाम, वीज अशी कामे गावातील मुलामुलींनी प्रत्यक्ष करून शिकावीत, अशी त्यांची योजना होती.

अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांनी संगणकचलित यंत्रांच्या छोट्या कार्यशाळेची कल्पना पुढे आणली. तिला फॅब लॅब म्हणतात. एम.आय.टी. बाहेर सुरू झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये पाबळला सुरू झाली. आज अशा कार्यशाळा जगभर आहेत आणि त्यांच्या इतिहासात पुणे जिल्ह्यातील एका दुष्काळी पट्ट्यातील गावाचे नाव आहे, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. पाबळचा घुमटही प्रसिद्ध आहे. त्रिकोणांनी बनलेल्या अशा घुमटाची त्रिज्या एकदा ठरली की सर्व तुकड्यांच्या लांबी नियमाने ठरतात. घटकावर चालणाऱ्या आराखड्याचे याहून सोपे उदाहरण शोधून सापडणार नाही.

लाकूडकामाचे प्रशिक्षण घ्यायचे असेल तर बेंगळुरूच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत प्रगत लाकूडकामाचे प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूसाठी चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. आपल्या मुलामुलींना पाठविण्यापूर्वी अभ्यासक्रम, मुदत आणि फी यांची चौकशी पत्राने किंवा फोनने आधी करावी.

आपण आज काय करावे?

यंत्र नसले तरी या पद्धतीचा पहिला आणि सर्वात मोलाचा भाग आपल्याला लगेच सुरू करता येतो. त्यासाठी एक वही, मोजपट्टी आणि सुतळी पुरेशी आहे.

१. बांधावरील प्रत्येक झाडाला क्रमांक द्यावा. क्रमांक रंगाने लिहावा, खिळा ठोकू नये. वहीत झाडाची जात, लागवडीचे वर्ष आणि छातीच्या उंचीवरचा, म्हणजे १.३७ मीटरवरचा घेर लिहावा.

२. सरळ बुंध्याची लांबी मोजावी. व्यापारी घनफळ काढताना मध्यावरच्या घेराचा चौथा भाग घेतात, त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. घेर ०.८० मीटर व लांबी ३ मीटर असेल तर ०.२ × ०.२ × ३ = ०.१२ घनमीटर, म्हणजे सुमारे ४.२४ घनफूट. गोल लाकडाच्या प्रत्यक्ष घनफळाच्या हे साधारण ७८.५ टक्के येते. सौदा करताना हा फरक ध्यानात असावा.

३. बेचके असल्यास त्याची जमिनीपासून उंची आणि दोन्ही फांद्यांचे घेर लिहावेत व समोरून छायाचित्र घ्यावे. छायाचित्रात मापाची काठी उभी धरावी.

४. वाकडा ओंडका किंवा फांदी असल्यास दोन टोकांना सुतळी ताणावी आणि मध्यभागी सुतळीपासून लाकडापर्यंतचे अंतर मोजावे. ३ मीटर लांबीत १५ सेंटिमीटर बाक, अशी नोंद करावी. या दोन आकड्यांवरून कमानीचा आराखडा सुरू करता येतो.

५. कुंपणाची तार झाडाला खिळ्याने ठोकण्याची सवय सोडावी. काही वर्षांत खिळा बुंध्यात गाडला जातो आणि पुढे करवतीचे किंवा राउटरचे पाते त्यावर मोडते. उडालेला तुकडा माणसाला लागू शकतो. खिळे असलेला बुंधा गिरणीवाला घेत नाही, घेतलाच तर भाव पाडतो.

६. तोडणीनंतर ओंडक्यांच्या टोकांना रंग किंवा डांबर लावून ते सावलीत, जमिनीपासून उंच, मध्ये हवा खेळेल असे रचावेत. निलगिरीची टोके लवकर फाटतात, तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. बाभूळ आणि सुबाभळीच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला भुंगेरा लागतो. बाभळीचे ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत यासाठी उपयोगी आहे. बोरॅक्स व बोरिक ॲसिडची प्रक्रिया करता येते, परंतु ती पावसाने धुऊन जाते. म्हणून प्रक्रिया केलेले लाकूड छपराखालीच वापरावे.

७. साग, आंबा, खैर, जांभूळ यांसारख्या झाडांच्या तोडीवर महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम, १९६४ प्रमाणे नियंत्रण आहे. कोणतेही झाड तोडण्यापूर्वी वनविभागाकडे चौकशी करून परवानगी घ्यावी. वनक्षेत्राबाहेरील बांबू २०१७ च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येत येत नाही.

काय करू नये?

यंत्र पाहून भारावून जाऊन कर्ज काढू नये. राउटरला भांडवल लागते, खात्रीची वीज लागते, धूळ ओढणारी व्यवस्था लागते आणि रोज काम लागते. बारीक धूळ फुप्फुसाला घातक आहे व आवाजाने कान जातात. मास्क आणि कानाचे संरक्षण यांवर काटकसर करू नये. एका शेतकऱ्याच्या बांधावरचा माल यंत्राला पुरणार नाही. दहा-पंधरा शेतकऱ्यांनी आपल्या नोंदवह्या एकत्र कराव्यात, गावातील सुताराला सोबत घ्यावे, एका मुलाला किंवा मुलीला प्रशिक्षणाला पाठवावे आणि सुरुवातीला जवळच्या कार्यशाळेतील यंत्रावर मजुरीने काम करून घ्यावे. ग्राहक मिळतो असे दिसले तर पुढचा विचार करावा.

सरळ साग मुद्दाम वाकडा वाढविण्याचेही कारण नाही. सरळ बुंध्याला आजही चांगला भाव आहे. सागाची कोवळी बाजूची फुटवे वेळेवर काढावीत. ही सर्व खटपट उरलेल्या मालासाठी आहे. त्यातलेही सगळेच उपयोगी पडणार नाही. किडके, फाटलेले आणि फार बारीक लाकूड जळणातच जाईल. मात्र जळणात काय टाकायचे हे आपण मोजून ठरवावे, व्यापाऱ्याच्या ट्रकवर सोडू नये.

बंधू-भगिनींनो, गावातले जाणते सुतार आता थोडे राहिले आहेत. कोणते लाकूड कोठे चालेल, हे ज्ञान त्यांच्या हातात आहे आणि ते कोणत्याही संगणकात लिहिलेले नाही. ते असेपर्यंत आपल्या मुलांनी त्यांच्या शेजारी बसून चार गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. संगणक पुढच्या वर्षीही विकत मिळेल, हे सुतार मिळणार नाहीत. येत्या तोडणीच्या आधी निदान दहा झाडांची नोंद प्रत्येकाने करावी, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.